वेग कुणाचा – फोनचा की कंपनीचा?

हल्ली चार माणसे एकत्र जमली, की पाऊसपाणी आणि महागाई हे दोन विषय संपता संपता तिसरा विषय हटकून निघतो. "तुमच्याकडे कुठल्या कंपनीचं सिम? नेट पळतं का?" पूर्वी चहाच्या पुडीवरून आणि दाढीच्या साबणावरून घराघरात पक्ष पडत. आता ते सिमकार्डावरून पडतात. नवरा एका कंपनीचा, बायको दुसरीची, मुले तिसरीची. आणि बाकीचे उगाच पैसे वाया घालवीत आहेत, असे प्रत्येकाला मनापासून वाटत असते. त्यात दिवाळी जवळ आली, वर्तमानपत्राची पहिली पाने नव्या फोनच्या जाहिरातींनी भरू लागली, की या वादाला खर्चाचे तोंड फुटते. नेट हळू चालते, सबब फोन बदलला पाहिजे, असा ठराव घरात मांडला जातो आणि बहुमताने मंजूरही होतो.

हे सदर चालविणारा गृहस्थ शास्त्रज्ञ नव्हे आणि दुकानदारही नव्हे, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. वाण्याच्या हिशेबापासून गॅसच्या शेगडीपर्यंत ज्या ज्या गोष्टीवरून घरात वाद होतो ती मोजून पाहावी आणि वहीत लिहून ठेवावी, एवढीच त्याची विद्या. एरवी आठवड्याच्या अंकात दीड स्तंभ मिळतो. दिवाळी अंकात संपादकांनी हात सैल सोडला आहे. तेव्हा वेगाचा हा विषय यंदा जरा ऐसपैस मांडतो.

आमच्या घरी ठराव आला तो आईच्या फोनचा. माझी आई वाईला आमच्या जुन्या घरात राहते. वय चौऱ्याऐंशी. सोबतीला माझी थोरली बहीण, ताई. आम्ही उभयता आणि चिरंजीव पुण्यात. मोठी लेक जर्मनीत, श्टुटगार्टला. तिला दोन वर्षांचा मुलगा आहे. म्हणजे आईचा पणतू. आईने त्याला अजून मांडीवर घेतलेले नाही. जे काही पाहिले ते फोनच्या वीतभर काचेतून.

त्यात अडचण अशी, की आईला आता फार कमी ऐकू येते. कानातले यंत्र ती लावते, पण तिचा खरा भरवसा डोळ्यांवर. समोरच्याचे ओठ पाहून ती बोलणे जाणते. आपण बोलत असताना चित्र थिजले आणि आवाज चालू राहिला, तर तुमचेआमचे काही बिघडत नाही. आईचे मात्र संभाषणच तुटते. रात्री नऊला फोन लागे, पोर काचेजवळ तोंड आणून काही सांगू लागे, आणि नेमके तेव्हाच त्याचे तोंड उघडेच्या उघडे थांबे. आई मिनिटभर वाट पाही आणि फोन ताईच्या हातात देऊन म्हणे, "राहू दे. पोराला झोप आली असेल." तिकडे तेव्हा उन्हाळ्यातले साडेपाच वाजलेले असतात, हे तिला पक्के ठाऊक आहे.

उपाय सुचविणारे पुष्कळ निघाले. चिरंजीवांचे म्हणणे, "आजीचा फोन म्हातारा झालाय, बाबा. नवा घेऊ. अडतीस हजारात चांगला येतो." आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे, फोनला काय धाड भरली आहे, कंपनी बदला. मुंबईचे मेहुणे फोनवरून म्हणाले, "आमच्याकडे अमुक कंपनी नुसती वाऱ्यासारखी पळते. डोळे मिटून तीच घ्या." ब्रॉडबँडची तार घ्यावी असेही एक मत निघाले, पण ताई म्हणाली की रोजच्या अर्ध्या तासासाठी भिंतीला भोक पाडून देणार नाही, आणि वाईच्या घरात ताईचा शब्द अखेरचा असतो. अडतीस हजार ही आमच्या घरात हसण्यावारी न्यायची रक्कम नव्हे. तेव्हा गणपतीत सगळे वाईला जमलो, त्या चार दिवसांत मोजून पाहायचे ठरले.

मोजायचे म्हणजे काय, याचा आधी विचार करावा लागतो. घरोघरी होते ते असे. चिरंजीव आपल्या फोनमध्ये आपले सिम घालून माडीवर उभे राहतात आणि वेग मोजतात. मग आजीचा फोन आजीच्या सिमसकट माजघरात मोजतात आणि जाहीर करतात, की माझा फोन दसपट वेगवान. पण यात फोन बदलला, कंपनी बदलली आणि जागाही बदलली. श्रेय द्यायचे कुणाला? आमटीत मीठ, मसाला आणि डाळ तिन्ही एकदम बदलली, तर आमटी कशाने सुधारली हे सुगरणीलाही सांगता यायचे नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या, एवढा एक नियम पाळला तर निम्मी भांडणे जागच्या जागी मिटतात.

आमच्याजवळ तीन फोन होते. आईचा पाच वर्षांपूर्वीचा, ४जीचा. माझा तीन वर्षांचा, मध्यम किमतीचा. चिरंजीवांचा याच वर्षीचा, महागडा, ५जीचा. सिमकार्डे तीन कंपन्यांची. त्यांची नावे मी इथे लिहीत नाही. एका घरातल्या तीन जागांवरून कंपनीला बक्षीस देणे किंवा बोल लावणे न्यायाचे नव्हे. त्याचे कारण पुढे येईल. त्यांना पहिली, दुसरी आणि तिसरी म्हणू. आईचे सिम पहिल्या कंपनीचे होते. जागा तीन: आई बसते ते माजघर, पुढची ओसरी आणि वरची माडी. वेळा दोन: दुपारी एक आणि रात्री नऊ. प्रत्येक सिम प्रत्येक फोनमध्ये घालून प्रत्येक जागी दोन्ही वेळा मोजायचे, म्हणजे चोपन्न नोंदी झाल्या. एका मोजणीवर विश्वास नको म्हणून प्रत्येक नोंद तीनदा घेतली आणि मधला आकडा धरला.

या उद्योगात जे हाल होतात तेही सांगून ठेवतो. सिम काढायची टाचणी पहिल्याच दिवशी हरवली. पुढचे सर्व संशोधन ताईच्या शिवणाच्या सुईवर झाले. सिम एका फोनमधून दुसऱ्यात गेले, की पैसे देण्याचे यूपीआयचे अ‍ॅप संशयाने पाहू लागते आणि पुन्हा पडताळणी मागते. फुलवाल्यासमोर हार हातात घेऊन उभ्या राहिलेल्या आमच्या सौ.नी त्या दिवशी मोजणीविषयी जे मत दिले, ते वहीत नोंदलेले नाही.

तिसरा खर्च डेटाचा. वेग मोजणारे अ‍ॅप खरोखरीचा डेटा ओढूनच वेग मोजते. हा हिशेब सोपा आहे, पण त्यासाठी बिट आणि बाइट यांतला फरक ध्यानात ठेवला पाहिजे. वेग सांगतात तो मेगाबिटमध्ये, आणि आपला रोजचा शिधा मिळतो तो बाइटमध्ये, म्हणजे एमबी आणि जीबीत. आठ बिटांचा एक बाइट. वेग १०० मेगाबिट असला आणि मोजणी १५ सेकंद चालली, तर १५०० मेगाबिट आले. त्याला आठाने भागा. सुमारे १८८ एमबी झाले. रोज दीड जीबी मिळत असेल, तर एका मोजणीत दिवसाचा आठवा हिस्सा फस्त! शिधा संपला, की बऱ्याच योजनांत वेग ६४ किलोबिटवर उतरतो आणि सगळे घर कपाळाला हात लावून बसते. गंमत म्हणजे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने आपल्या देशात सामान्य लोकांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून मिळणारा वेग होता ९.६ किलोबिट. आज आपल्याला जो शिक्षा म्हणून मिळतो, तो त्याच्या सहापटीहून अधिक आहे.

आणखी एक पथ्य. वेग मोजणारी अ‍ॅपे अनेक आहेत. आपल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१६ साली 'मायस्पीड' नावाचे काढले. त्याच वर्षी नेटफ्लिक्सनेही आपले मोजमाप लोकांना खुले केले. ऊकला कंपनीचे तर त्याआधी दहा वर्षांपासून आहे. प्रत्येकाची दूरची टोके वेगळी, रीत वेगळी. नेटफ्लिक्सचे मोजमाप नेटफ्लिक्सच्याच यंत्रांपासून होते. दुसरे एखादे जवळच्या शहरातले यंत्र शोधते. एकाचा आकडा दुसऱ्याशी ताडणे म्हणजे शेराचे माप किलोशी ताडणे. कुठलेही एक घ्यावे आणि त्यालाच धरून राहावे.

आता वहीतले आकडे, मेगाबिटमध्ये. सगळे देत नाही. ज्यांनी निकाल लागला तेवढेच.

माजघरात आईच्या फोनवर आईचेच सिम, रात्री नऊ: कधी पाऊण, कधी दीड. तेच सिम चिरंजीवांच्या महागड्या फोनमध्ये, त्याच खुर्चीवर: तीन. दुसऱ्या कंपनीचे सिम आईच्या फोनमध्ये: दुपारीही दीडच. तिसऱ्या कंपनीचा तर माजघरात ठावठिकाणाच नाही. मग ओसरीवर आलो. दुसऱ्या कंपनीचे सिम आईच्या त्याच म्हाताऱ्या फोनमध्ये दुपारी चौदा आणि रात्री सहा. तेच सिम चिरंजीवांच्या फोनमध्ये दुपारी बावीस, रात्री नऊ. शेवटी माडी. तिथे तिसऱ्या कंपनीने कमाल केली. आईच्या ४जी फोनवर वीस, आणि चिरंजीवांच्या ५जी फोनवर एकशेऐंशी! चिरंजीव विजयी मुद्रेने जिना उतरून आले. ताई एवढेच म्हणाली, "छान. पण आई माडीवर चढणार कशी? तिचा गुडघा तुझी कंपनी दुरुस्त करून देते का?"

वहीवर रेघा ओढून हिशेब केला. जागा आणि सिम तेच ठेवून नुसता फोन बदलला, तर ओसरीवर वेग दीडपट होतो आणि माजघरात फार तर तीनाचा आकडा दिसतो. फोन आणि सिम तेच ठेवून नुसती जागा बदलली, तर वेग जवळजवळ दसपट. नुसती वेळ बदलली, तर निम्म्याहून कमी किंवा दुपटीहून जास्त. फोनने खरा पराक्रम केला तो एकाच ठिकाणी: जिथे ५जीची लहर मोकळेपणी पोचत होती तिथे.

असे का व्हावे? फोनचा आणि टॉवरचा व्यवहार हवेतल्या लहरींवर चालतो, आणि सगळ्या लहरी एका जातीच्या नसतात. ९०० मेगाहर्ट्‌झची लहर सुमारे तेहतीस सेंटिमीटर लांब असते, म्हणजे हातभरापेक्षा थोडी कमी. ५जीसाठी आपल्याकडे मुख्यतः वापरतात ती ३३०० मेगाहर्ट्‌झची लहर नऊ सेंटिमीटरची. कमी कंपनाची लांब लहर दूर जाते आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरते. जास्त कंपनाच्या आखूड लहरीला भिंत सोसत नाही. पण तिच्या पट्ट्यात जागा ऐसपैस असल्यामुळे माल पुष्कळ वाहून नेता येतो. गल्लीबोळांतून शिरणारी सायकल आणि हमरस्त्यावरचा ट्रक, असा हा भेद आहे. आमच्या वाईच्या घराच्या भिंती दीड हात रुंद, खाली काळा दगड. ट्रक ओसरीच्या बाहेरच थांबणार. माजघरात पोचली तर सायकलच पोचणार.

दुसरी गोष्ट वाटणीची. एका टॉवरच्या एका बाजूला जेवढी क्षमता असते, ती त्या बाजूच्या सगळ्या फोनांत वाटली जाते. चाळीतला सामाईक नळ आठवा. पहाटे एकट्याने बादली लावली तर पाहता पाहता भरते. सातला सगळी बिऱ्हाडे उभी राहिली की धार करंगळीएवढी. रात्री नऊ ही नेटची सातची वेळ. सगळा गाव जेवून मालिका, क्रिकेट आणि रील्स पाहायला बसलेला असतो, आणि त्याच घटकेला आमची पणजी जर्मनीकडे डोळे लावून बसे.

या सगळ्याच्या मुळाशी एक गणित आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या क्लॉड शॅनन यांनी ते १९४८ साली मांडले. कुठल्याही मार्गाने किती माहिती जाऊ शकते, याची वरची मर्यादा दोन गोष्टींवर ठरते: पट्टा किती रुंद आहे, आणि गोंगाटाच्या मानाने संदेश किती जोरकस आहे. पट्टा कंपनीने विकत घेतलेला असतो. गोंगाट आणि भिंती आपल्या नशिबाच्या असतात. फोनच्या हाती उरते ते एवढेच, की मिळालेला संदेश किती शहाणपणाने वेचून घ्यायचा.

पट्टा विकत घेतात तो सरकारी लिलावात, आणि तोही सबंध देशाचा एकगठ्ठा नव्हे. देशाचे बावीस विभाग केले आहेत. मुंबई हा एक विभाग. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरा. एकाच कंपनीजवळ मुंबईत वेगळे पट्टे असू शकतात आणि वाईत वेगळे. म्हणून मेहुण्यांचा अनुभव खोटा नसला तरी आमच्या कामाचा नाही. वर्तमानपत्रात येणाऱ्या सरासरीचेही तसेच. अमुक कंपनी देशात पहिली, हे खरे असेल. पण सरासरी तीन फूट खोल नदीतही पोहता न येणारा माणूस बुडू शकतो. आपल्याला हवी असते आपल्या ओसरीपुढची खोली. कंपन्यांचे नावनिशीवार गुणगान मी का टाळले, ते आता कळले असेल. आमच्या माजघरात गैरहजर असलेली तिसरी कंपनी माडीवर पहिली आली. तुमच्या घरी उलटेही होईल.

मग फोनाफोनांत काहीच फरक नाही का? आहे, आणि चिरंजीवांवर अन्याय नको म्हणून तोही सांगतो. फोनच्या पोटात मोडेम असतो आणि कडेने अँटेना असतात. चांगला फोन एकाच वेळी दोन-तीन पट्ट्यांवरून माल घेऊन एकत्र करतो. साधा एकावरच भागवतो. चांगल्यात चार अँटेना ऐकत असतात, साध्यात दोन. परदेशातून आणलेल्या फोनमध्ये आपल्याकडचा एखादा पट्टाच नसतो, आणि मग पाहुण्याने कौतुकाने आणलेली वस्तू घरी रुसून बसते.

शिवाय पेटीवरच्या नावावरही जाऊ नये. अ‍ॅपलचा आयफोन ४ २०१० साली आला, तेव्हा तो खालच्या डाव्या कोपऱ्याशी मुठीत धरला की रेंजच्या रेघा भराभर खाली येत. पुढे कंपनीनेच सांगितले, की किती रेघा दाखवायच्या याचे आपले सूत्रच चुकीचे होते आणि रेघा मुळातच जास्त दिसत होत्या. तेव्हा रेघा मोजून वेग ठरवू नये. २०१६ च्या आयफोन ७ मध्ये काही फोनांत क्वालकॉमचा मोडेम होता, काहींत इंटेलचा. पेटी एक, नाव एक. पण स्वतंत्र चाचण्यांत दुबळ्या रेंजमध्ये क्वालकॉमवाला पुढे राहिला. आपल्या देशात ५जीचे उद्घाटन १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाले. आयफोन १२ तर २०२० पासून ५जीचा होता. तरी इथल्या गिऱ्हाइकांना त्यावर ५जी मिळाले ते डिसेंबर २०२२ मध्ये नवी प्रणाली उतरवून घेतल्यावर. दोन वर्षे यंत्र तयार होते, पण कुलपाची किल्ली यायची होती. आणखी एक मेख अशी, की रिलायन्स जिओने ५जी आरंभापासून स्वतंत्र यंत्रणेवर उभारले, तर एअरटेलने आधी ४जीच्या खांद्यावर. सुरुवातीच्या काही ५जी फोनांना यांतला एकच प्रकार उमगत असे. दुकानात 'फाइव्ह-जी आहे ना?' एवढे विचारून भागत नाही; 'माझ्या कंपनीचे चालते ना?' हेही विचारावे लागते.

एवढे सगळे झाल्यावर सौ.नी मूळ मुद्द्याला हात घातला. "पण आईंना लागतो किती वेग?" हा प्रश्न खरे तर पहिल्या दिवशी विचारायचा. दोघांमधला चांगला व्हिडिओ कॉल एक-दोन मेगाबिटमध्ये सहज होतो. चित्रपट स्वच्छ पाहायला पाचेक पुरतात. भिंतीएवढ्या टीव्हीवर अगदी बारीक तपशिलाचे चित्र हवे असेल तर पंधरा-वीस. कॉलपुरते पाहाल तर एकशेऐंशी आणि ऐंशी यांत डोळ्याला काही कळायचे नाही. कॉलला हवे असते ते सातत्य. चौदावरून क्षणभर शून्यावर आणि पुन्हा चौदावर अशी उडी मारणाऱ्या वेगापेक्षा सलग चाललेले तीन बरे. आणि येणाऱ्या वेगाइतकाच जाणारा वेगही पाहावा लागतो. आपण पोराला पाहतो ते येणाऱ्यावर. पोर आपल्याला पाहते ते जाणाऱ्यावर. जाहिरातीत छापतात तो बहुधा येणारा.

निकाल असा लागला. आईची खुर्ची माजघरातून ओसरीच्या कोपऱ्यात आली. तिथे उजेडही चांगला. फोन हातात धरायचा नाही. शंभर-दीडशेच्या लाकडी घडवंचीवर डोळ्यांसमोर ठेवायचा. सिम दुसऱ्या कंपनीकडे नेले, नंबर तोच ठेवून. ही सोय आपल्याकडे २० जानेवारी २०११ पासून देशभर आहे. 'पोर्ट' आणि आपला नंबर असा संदेश १९०० वर पाठवला की काम सुरू होते. रोज रात्रीचा फोन बंद करून रविवारी दुपारी एकला ठरवला, तेव्हा तिकडे सकाळ असते आणि पोर न्याहारीला बसलेले असते. नवा फोन घेतला नाही. चिरंजीव थोडे हिरमुसले; पण आईच्या फोनला सुरक्षिततेच्या सुधारणा मिळणे थांबले की तो बदलायचा, हे त्यांचे म्हणणे मान्य करून वहीत लिहून ठेवले आहे. त्या अडतीस हजारांत भर घालून लेकीला आणि पोराला पौष महिन्यात इकडे आणण्याचा विचार आहे.

पहिल्या रविवारी कॉल बावीस मिनिटे चालला. दोनदा चित्र अडखळले, पण लगेच सावरले. पोराने वाडगा दाखवला, चमचा दाखवला, आणि तोंड भरलेले असताना काहीतरी सांगितले. ते आम्हा कुणालाच कळले नाही. आईला मात्र ओठांवरून कळले. "दूध नको म्हणतोय," ती म्हणाली. तिकडून लेक हसली, बरोबर होते.

आता वाचकांसाठी चार ओळी. या दिवाळीत नेटसाठी फोन घेण्याचे मनात असेल, तर आधी खुर्ची हलवून पाहा, मग वेळ बदलून पाहा. त्यानंतर दिवाळीला घरी येणाऱ्या पाहुण्यांची सिमे तुमच्या फोनमध्ये, तुमच्या जागी, तुमच्या वेळेला घालून मोजा. पाहुण्यांना फराळ वाढल्यावर ते नाही म्हणत नाहीत. कंपन्यांना आता आपल्या सेवेचे नकाशे संकेतस्थळावर ठेवावे लागतात, तेही पाहा. पण नकाशात तुमची भिंत काढलेली नसते. मोजल्यावाचून कंपनी बदलू नका, कारण नव्या कंपनीत गेल्यावर नव्वद दिवस तिथून हलता येत नाही. आणि सिम हरवून नवे घेतले असेल तर सात दिवस बदलाचा अर्ज चालत नाही. एवढे करूनही वेग पुरत नसेल, आणि तुमच्या नेहमीच्या जागी ५जीची लहर पोचत असेल, तर मग खुशाल नवा फोन घ्या. तो वाया जाणार नाही.

सर्व वाचकांना दिवाळीच्या शुभेच्छा. ज्यांची माणसे दूर आहेत, त्यांना भाऊबीजेच्या दिवशी समोरचा चेहरा न थिजता दिसो.